दोन रात्री रेवदंड्याला

रेवदंड्याचा राजा साठ वर्षं माद्रिदला बसत होता. अलिबागच्या एसटीत शेजारच्या माणसाला हे सांगितलंत तर तो तुमच्याकडे संशयानेच बघेल, पण आहे खरं. १५८० च्या जानेवारीत पोर्तुगालचा म्हातारा राजा निपुत्रिक वारला. गादीवर बसण्याआधीपासून तो चर्चचा कार्डिनल, त्यामुळे वारसाची आशा तशीही नव्हती. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपची आई पोर्तुगालची राजकन्या. त्या नात्याने त्याने हक्क सांगितला, सैन्य घुसवलं आणि १५८१ साली तोमार इथल्या सभेत पोर्तुगालचा मुकुटही आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. त्या मुकुटासोबत गोवा आलं, दीव-दमण आलं, वसई आली आणि कुंडलिकेच्या मुखाशी तट बांधून बसलेलं चौल बंदर, म्हणजे आजचं रेवदंडा, तेही आलं. १ डिसेंबर १६४० ला लिस्बनमध्ये उठाव होऊन पोर्तुगीज पुन्हा वेगळे झाले, तोवर इथला कारभार फिलिप नावाच्या तीन राजांच्या नावाने चालला.

मात्र रेवदंड्यात दगडावर स्पॅनिश अक्षरं शोधत बसू नका. पोर्तुगालच्या साम्राज्यातल्या जागा पोर्तुगीजांनाच मिळतील, असं वचन फिलिपने तोमारला दिलं होतं. राजा स्पेनचा, पण किल्लेदार, पाद्री, व्यापारी आणि दारावरची ढाल सगळं पोर्तुगीजच राहिलं.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की नवी मुंबईतल्या बऱ्याच घरांत ‘एकदा स्पेन करायचंय’ हा बेत कुठेतरी शिजत असतो. तोलेदो, सेव्हिल, ग्रानादा ही नावं तोंडपाठ असतात. व्हिसा, रजा, मुलांच्या परीक्षा, आणि विमानाच्या तिकिटांचे आकडे बघून बेत पुढच्या वर्षावर जातो. तो जाईल तेव्हा जाईल. तोवर जुनं, तटबंदीतलं, समुद्राकाठचं आयबेरियन शहर दोन रात्रींत कसं पाहावं, याचा सराव शंभर किलोमीटरच्या आत करता येतो. आणि सराव म्हणून गेलात तरी परत येताना तो सराव वाटणार नाही, एवढं त्या गावात आहे.

तोलेदोची एक गोष्ट मात्र इथे उसनी घेण्याजोगी आहे. माद्रिदहून तोलेदोला वेगवान रेल्वेने अर्धा तास लागतो. त्यामुळे माणसं सकाळी येतात, कॅथेड्रलपुढे फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. जी मोजकी माणसं तटाच्या आत रात्र काढतात, त्यांच्या वाट्याला रिकाम्या गल्ल्या येतात आणि दगडावरचं सकाळचं ऊन येतं. रेवदंड्याची गत तर याहून वाईट. मुरूड-जंजिऱ्याला निघालेल्या गाड्या इथल्या तटातूनच आरपार जातात आणि आतले लोक काचही खाली करत नाहीत. ‘इथे काहीतरी किल्ला होता वाटतं’ एवढं म्हणेपर्यंत साळावचा पूल येतो. म्हणून पहिली अट अशी की मुक्काम रेवदंड्यात किंवा फार तर चौल-नागावला, दोन रात्री. अलिबागला नाही, काशीदला नाही. जंजिऱ्याला या खेपेला लांबूनच हात जोडायचे.

दुसरी अट तिथीची, आणि ती लोक हमखास विसरतात. आपण सुट्टी पाहतो, हॉटेल पाहतो, पाऊस पाहतो. समुद्राकाठच्या किल्ल्याला मात्र भरती-ओहोटी आधी पाहावी लागते. रेवदंड्याचा पश्चिमेचा तट पुळणीला लागून आहे आणि ओहोटीला त्याच्या पायथ्याने चालत जाता येतं. भरतीला त्याच जागी लाटा असतात. वेळ काढायला ॲप लागत नाही. दिवाळ्याच्या किंवा सारसोळ्याच्या कोळीवाड्यात कोणाही जुन्या माणसाला विचारा, तो पाऊणकी सांगेल. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला आठ पाऊणे सहा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. पाढा तंतोतंत नसतो, थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतो.

आता हा पाढा घेऊन भिंतीवरच्या कालनिर्णयपुढे उभे राहा. अष्टमीच्या आसपासचा शनिवार निवडलात तर ओहोटी येणार भर दुपारी बाराला, डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली काळी वाळू. शिवाय तो भांगाचा काळ, पाणी फारसं मागे हटतच नाही. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा शनिवार घेतलात तर भरती दुपारी अकरा-बाराला, आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी साडेपाच-सहाला. म्हणजे ज्या दोन वेळांना चालावंसं वाटतं त्या दोन्ही वेळांना समुद्र बाजूला झालेला. उधाणाचे दिवस असल्याने तो चांगला लांब जातो. महिना कोणता, तर दिवाळी ते शिमगा यांमधला कोणताही. त्यातही पौष-माघ उत्तम, त्याचं खाण्यातलं कारण पुढे येईल. मार्गशीर्षाची पौर्णिमा मात्र जपून घ्या. त्या दिवशी दत्तजयंती असते आणि चौलच्या दत्ताच्या डोंगराखाली पाच दिवस मोठी जत्रा भरते. जत्रा पाहायची असेल तर खुशाल जा. किल्ला पाहायचा असेल तर दुसरी पौर्णिमा पाहा.

जायचं कसं? पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग आणि पुढे सतरा-अठरा किलोमीटरवर रेवदंडा हा सरळ रस्ता. वडखळ नाक्यावर शुक्रवारी संध्याकाळी काय होतं ते नवी मुंबईकरांना सांगायला नको. मला आवडते ती दुसरी वाट. १२ जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते. बेलापूर किंवा नेरूळहून उरण, तिथून रिक्षाने करंजा धक्का आणि करंज्याहून लाँचने रेवस. धरमतरच्या खाडीचं ते तोंड ओलांडायला फार वेळ लागत नाही. लाँचवर मोटरसायकली चढवलेल्या असतात, मासळीच्या पाट्या असतात, माहेरी निघालेल्या बायका असतात. रेवसहून अलिबाग वीस-पंचवीस किलोमीटर आणि तिथून मुरूडकडे जाणारी कुठलीही एसटी. रेवसच्या बाजूला गाळ फार, म्हणून अगदी ओहोटीला लाँचचा भरवसा धरू नये. पण आपण पौर्णिमेचा शनिवार धरला आहे. शुक्रवारी अर्धी रजा टाकून दुपारी बारा-एकच्या सुमाराला करंज्याला पोहोचलात तर पाणी भरलेलं असेल. निघण्याआधी लाँच चालू आहे ना, एवढं मात्र विचारून घ्यावं; वारा सुटला की ती थांबते. खाडीवर पुलाचं काम चालू आहे. तो झाला की ही वाट सोपी होईल आणि तिची मजा जाईल.

सामान थोडं न्या. बूट बंद घाला, कारण तटावर करवंदीच्या जाळ्या आणि निसटते दगड आहेत. वाचायचं असेल तर गर्सन दा कुन्हा या मुंबईत राहिलेल्या गोवेकर डॉक्टरचं चौल-वसईच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक शोधा. १८७६ चं आहे, पण ज्याने भग्नावशेष आपल्यापेक्षा दीडशे वर्षं आधी, आणि म्हणून दीडशे पावसाळे कमी पडलेले असताना पाहिले, त्याचं वाचलेलं बरं.

अलिबागहून येताना रेवदंड्याच्या आधी चौल लागतं. शुक्रवारचं उरलेलं ऊन तिथे खर्च करावं. कारण पोर्तुगीज येण्याआधी हे बंदर निदान दीड हजार वर्षांचं होतं. ग्रीक-रोमन लेखकांना ते सिमुल्ला, सेमुल्ला अशा नावांनी माहीत होतं. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या गावांत चेमुल येतं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल् मसूदी इथे आला, तेव्हा शिलाहारांचं राज्य होतं. आज त्यातलं डोळ्यांना दिसेल असं फार थोडं उरलंय. मुख्य पाहायचं ते रामेश्वराचं देऊळ, त्याच्यासमोरची पुष्करिणी आणि संध्याकाळी पाण्यात उतरणारी दीपमाळेची सावली. देवळात पर्जन्यकुंड, अग्निकुंड, वायुकुंड अशी झाकलेली कुंडं आहेत. पाऊस ओढ देई तेव्हा पर्जन्यकुंड उघडत, असं गावकरी सांगतात. दत्ताचा डोंगर पायऱ्यांचा आहे; गुडघे साथ देत असतील तर चढा, नसतील तर इथेच बसा.

चौलच्या वाड्यांतून रेवदंड्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नारळ-पोफळी इतक्या दाट होतात की किल्ला कधी सुरू झाला ते कळतच नाही. अचानक रस्ता एका फुटक्या तटातून आत शिरतो आणि तुम्ही आत असता. बहुतेक किल्ले गावाबाहेर असतात, रेवदंड्यात सगळं गावच किल्ल्यात आहे. बाजार, एसटी, शाळा, देवळं, वाड्या, घरं सगळं तटाच्या पोटात. नानासाहेब धर्माधिकारी इथलेच, त्यामुळे महाराष्ट्रातल्या लाखो घरांत या गावाचं नाव बैठकीच्या निमित्ताने पोहोचलेलं आहे. त्यातल्या कितींना माहीत असेल की श्रीसदस्य जिथून ये-जा करतात ते एकेकाळी फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन अशा चार पंथांच्या मठांचं शहर होतं?

शनिवारी पहाटे, उजाडायच्या आधी, पुळणीवर जा. सुरूच्या झाडांमधून बाहेर पडलं की डावीउजवीकडे तट पसरलेला दिसतो. काळ्या दगडाचा, खालून शेवाळलेला, वरून वड-पिंपळांनी फोडलेला. दक्षिणेकडे चालत राहिलं की खाडीचं मुख येतं आणि पलीकडे समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर दिसतो. तो उद्यासाठी. आज फक्त एवढं लक्षात ठेवा की तुम्ही जिथे उभे आहात तिथे गलबतं नांगरत. १४६९ च्या सुमाराला इथेच एक रशियन व्यापारी एका घोड्यासह उतरला. त्वेरचा अफानासी निकितिन. वास्को द गामा कालिकतला लागायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती. निकितिनने लिहून ठेवलंय की गोऱ्या माणसाला बघायला लोक मागे मागे फिरत. घोडा विकून पैसे करायचे म्हणून तो जुन्नरपर्यंत गेला, तिथल्या सुभेदाराने घोडाच काढून घेतला आणि धर्म बदल, मग परत देतो म्हणाला. घोडा शेवटी मिळाला, धर्मही वाचला. त्याच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियनांबरोबर १९५७ साली ‘परदेसी’ चित्रपट काढला. रेवदंड्यात शाळेच्या आवारात निकितिनचं स्मारक उभं आहे. मुलांना त्याचं काही अप्रूप राहिलेलं नाही, ती त्याच्या आसपास खेळत असतात.

पोर्तुगीजांनी इथे १५१६ च्या सुमाराला वखार घातली आणि १५२१ पासून बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने किल्ला बांधायला घेतला. निजामशहाने परवानगी का दिली, हा प्रश्न पडायला हवा. त्याची राजधानी अहमदनगरला, घाटावर. त्याला हवे होते अरबी घोडे, आणि समुद्रातून घोडे आणणाऱ्या वाटेवर पोर्तुगीज बसले होते. बंदर त्याचं, व्यापार दोघांचा. हा संसार पन्नास वर्षं कसाबसा टिकला. १५७० च्या अखेरीला आदिलशहाने गोव्याला आणि मुर्तझा निजामशहाने चौलला एकाच वेळी वेढा घातला. तालिकोटची लढाई जिंकून पाच-सहा वर्षं झाली होती, आत्मविश्वास भरपूर होता. चौलचा वेढा दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत चालला आणि उठला. त्यानंतर पोर्तुगीजांनी सगळ्या वसाहतीभोवती तट फिरवला. आज आपण ज्याला रेवदंड्याचा किल्ला म्हणतो तो मुख्यतः या भीतीतून वाढलेला आहे.

उन्हं वर आली की आत वळा. सातखणी सापडायला कष्ट नाहीत, नारळांच्या वर डोकं काढणारी गावातली तीच एक इमारत. फ्रान्सिस्कनांच्या सेंट बार्बराच्या मठाचा हा मनोरा. सात मजल्यांचा म्हणून सातखणी, पण आज चार-पाच मजल्यांइतकाच उभा आहे. आत शिरून वर पाहा. मजल्यांच्या तुळया कधीच गेल्या, त्यामुळे थेट आकाश दिसतं आणि चारी भिंतींवर एकावर एक खिडक्यांच्या चौकटी. प्रत्येक मजल्याच्या जागी भिंतीला एक पायरी आहे, म्हणजे वर जाताना भिंत पातळ होत गेली आहे. लाकडी तुळया त्या पायरीवर टेकवत. जुन्या वास्तूत हे असं बांधकामाचं गणित उघडं पडलेलं पाहायला मिळणं ही पडझडीची एक बरी बाजू. शेंदूर न फासलेल्या जुन्या तोफा जवळपास पडलेल्या दिसतील, त्यांवर बसून फोटो काढायचा मोह आवरा.

बाकीची चर्चं मात्र अशी रस्त्यावर उभी नाहीत. ती लोकांच्या वाड्यांत आहेत. इथे दोन दिवसांची सवड कामी येते. बेड्याशी उभं राहून हाक मारायची, “काकू, आतलं जुनं चर्च बघून येऊ का?” काकू आधी कुठून आलात ते विचारतील. नवी मुंबई म्हटलं की नणंद सानपाड्याला असते हे कळेल. मग ‘जा, पण झापांखालून जाऊ नका, नारळ पडतो’ अशी सूचना मिळेल. पोफळींच्या रांगांतून पाटाचं पाणी ओलांडत गेलं की समोर एकदम कमान उभी राहते, तिच्यात मिरवेल चढलेला, आणि जिथे वेदी होती तिथे सोललेल्या सोडणांचा ढीग. पुरातत्त्ववाल्यांना हे दृश्य पसंत पडणार नाही. मला पसंत आहे असंही नाही, कारण मुळं दगड फोडतात. पण जी माणसं १७४० नंतर या तटाच्या आत राहायला आली त्यांनी बागा केल्या नसत्या, तर दगड केव्हाच घरांच्या जोत्यांत गेले असते, असं इथे हिंडताना वाटत राहतं.

दुपारी काही करू नका. स्पेनला गेलेले लोक दोन ते पाच दुकानं बंद म्हणून कुरकुरतात. कोकणात काही वेगळं चालत नाही, आणि दोन्हीकडचं कारण सूर्य हेच आहे. खानावळीत जे मासे सकाळी आले असतील ते खा, मेन्यूकार्डावर विश्वास ठेवू नका, सोलकढी दोनदा मागा आणि झोपा.

चार वाजता बेने इस्रायलांचं सिनेगॉग शोधा. बेथ एल त्याचं नाव, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. याच नावाचं दुसरं सिनेगॉग तुमच्या जवळ पनवेलला आहे, १८४९ चं. किती जणांनी ते पाहिलंय? या किनाऱ्यावरचे ज्यू शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. बोली मराठी, कीर्तनं मराठीत. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. सिनेगॉग कुलूपबंद असेल तर बाहेरून पाहून परत फिरा, किल्ली मागत दारोदार हिंडू नका.

इथे स्पेन पुन्हा आठवतो. तोलेदोमध्ये पर्यटक रांगा लावून दोन जुनी सिनेगॉग पाहतात. त्यांत उपासना होत नाही, कारण १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने सगळ्या ज्यूंना धर्म सोडा नाहीतर देश सोडा असं फर्मावलं. देश सोडून पोर्तुगालमध्ये आलेल्या अशाच एका कुटुंबात गार्सिया द ओर्ता जन्मला. सालामांका आणि अल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत वैद्यक शिकून १५३४ साली तो हिंदुस्थानात आला, आणि ज्याने चौलला किल्ला बांधू दिला त्याच बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात औषधोपचारही करू लागला. इथल्या वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याला लपून ज्यू धर्म पाळल्याबद्दल दोषी ठरवून त्याची हाडं उकरून जाळली. या किनाऱ्यावरचे ज्यू त्याच काळात रेवदंड्याच्या तटाबाहेर घाणे फिरवत होते आणि त्यांच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तटाच्या आतला कायदा तटाच्या बाहेर चालत नव्हता, याचे असे फायदेही झाले.

संध्याकाळी पुन्हा ओहोटी. पुन्हा पुळण, या वेळी उलट दिशेने. आणि रात्री, जर पौष-माघ असेल, तर पोपटी. घरगुती मुक्कामाच्या मालकांना दुपारीच सांगून ठेवा, कारण तयारी लागते. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी, खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी, मुठीने ओवा आणि खडेमीठ, वर पुन्हा पाला दाबून भरायचा. मडकं जमिनीवर उपडं घालून भोवती पाचोळा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. शेंगांच्या स्वतःच्या ओलाव्यावर आणि पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं. झालं का ते ओळखायला मडक्यावर पाण्याचे थेंब मारतात. चर्र झालं की उतरायचं. भांबुर्ड्याचा उग्र वास दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटांना राहतो. पोपटी रायगडची, आणि वालाच्या शेंगा संपल्या की तीही संपते. त्यासाठी तारीख जुळवून जाणं मला मुळीच वावगं वाटत नाही.

रविवारी पहाटे कोर्लई. रेवदंड्याहून साळावच्या पुलावरून खाडी ओलांडली की पाच-सहा किलोमीटर. कोळीवाड्याच्या अरुंद गल्लीतून रस्ता दीपगृहाकडे जातो. सुकत घातलेल्या मासळीच्या ओळींमधून मोठी गाडी नेऊन लोकांची गैरसोय करण्यापेक्षा ती अलीकडेच लावून चाला. दीपगृहापासून पायऱ्या आहेत. डोंगर शंभर मीटरच्या आतला, पण ऊन चढलं की तो दुप्पट होतो.

वर पोहोचलात की कालचं रेवदंडा समोर येतं. नारळांचा एक हिरवा पट्टा, त्यातून सातखणीचा शेंडा, मध्ये खाडी. इथून चौल बंदराचं दुखणं दोन मिनिटांत कळतं. या डोंगरावर ज्याच्या तोफा, त्याच्या परवानगीशिवाय खाडीत होडीही शिरणार नाही. १५०८ च्या मार्चमध्ये इजिप्तच्या मामलूकांचं आणि दीवच्या मलिक अयाझचं आरमार याच पाण्यात पोर्तुगीजांवर चालून आलं. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द अल्मैदा तोफेच्या गोळ्याने पाय तुटल्यावर डोलकाठीला टेकून हुकूम देत राहिला आणि दुसऱ्या गोळ्याने मेला. हिंदी महासागरात पोर्तुगीजांचा असा पराभव आधी झाला नव्हता. बापाने पुढच्या फेब्रुवारीत दीवला त्याचा सूड घेतला.

डोंगर मात्र निजामशाहीकडेच राहिला. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने त्यावर पक्का किल्ला बांधून रेवदंड्यावर तोफा रोखल्या, तेव्हा पोर्तुगीजांपुढे पर्याय उरला नाही. १५९४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी हल्ला केला. बाहेर लढायला आलेलं सैन्य मागे हटत दरवाजाकडे धावलं. पण पहिल्या दारात जखमी हत्ती आडवा पडला आणि पुढच्या दारात मेलेला घोडा, दारं लावताच आली नाहीत, अशी हकीकत आहे. पायऱ्या चढताना दारांची रुंदी पाहून ठेवा, मग ती पटते. विजयाची बातमी गोव्याला व्हाइसरॉय मातियास द अल्बुकर्ककडे गेली आणि तिथून जहाजाने, सहा-सात महिन्यांच्या प्रवासाने, फिलिपकडे. त्याने हा डोंगर नकाशात तरी शोधला असेल का, कुणास ठाऊक.

माथ्यावर पाण्याचं टाकं आहे, छप्पर उडालेलं लहान चर्च आहे, आडव्या तटांनी किल्ल्याचे भाग पाडलेले आहेत आणि बुरुजांना संतांची नावं होती. एक भाग पडला तरी पुढच्या भागात लढता यावं, ही त्यामागची योजना. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि पुढच्या वर्षीच्या तहात चौल आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आले. रेवदंड्यातले साहेब लोक गोव्याला निघून गेले.

सगळे मात्र गेले नाहीत. खाली कोर्लई गावात माउंट कार्मेलच्या चर्चभोवती जी ख्रिस्ती घरं आहेत, ती मागे राहिलेल्या सामान्य माणसांची. शेतकरी, शिपाई, नोकरचाकर. ती घरात अजूनही एक पोर्तुगीज बोली बोलतात. तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, आमची भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास. गोव्याशी, लिस्बनशी संबंध तुटल्यावर पावणेतीनशे वर्षं ही बोली मराठीच्या शेजारात वाढली. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली अख्खा ग्रंथ लिहिला आहे. गावात शिरून ‘जरा बोलून दाखवा’ म्हणत मोबाइल पुढे करू नका. तसले पाहुणे त्यांनी पुष्कळ पाहिलेत. रविवार आहे, मिस्सा सुटली की चर्चपुढे लोक थोडा वेळ उभे असतात. तिथे आया मुलांना हाका मारतात, म्हातारे एकमेकांची चेष्टा करतात, तेवढं कानावर पडलं तरी पुरे. तुमच्याशी ते मराठीतच बोलतील, आणि आगरी-कोळी वळणाच्या, तुमच्या-आमच्यापेक्षा खणखणीत मराठीत.

परतीचं गणित तेच. रविवारी प्रतिपदा असेल, भरती पाऊणच्या सुमाराला. म्हणजे साडेअकराला रेवदंडा सोडलं तर दोन-अडीचपर्यंत रेवसला पुरेसं पाणी मिळतं. संध्याकाळच्या लाँचवर बेत टाकला तर धक्क्यावर बसून गाळ बघत राहावं लागेल. फेब्रुवारीनंतर गेला असाल तर अलिबागच्या रस्त्याला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतील. पात वाळून घट्ट विणलेली असेल तीच वेणी घ्या. पात ओली असली तर कांदा उरणला पोहोचेपर्यंत बरा दिसतो आणि आठवड्याभरात कुजायला लागतो.